ताप उतरला, आजार नाही : कुत्र्यांच्या गोचीड-तापाविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सुरू झाला की या सदरात गोचीड-तापाची पत्रं वाढतात आणि पावसाळा संपेपर्यंत ती येत राहतात. यंदा आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं आमच्या पशुवैद्यक गटाने दिली आहेत. औषधांची मात्रा लिहिली आहे ती तुम्हाला चिठ्ठी नीट वाचता यावी, डॉक्टरांना प्रश्न विचारता यावेत म्हणून. कुत्र्याला न तपासता औषध सुरू करण्यासाठी तिचा उपयोग करू नका.

प्र. आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा, वजन २८ किलो. गेल्या आठवड्यात १०४.५ अंश ताप होता, खाणं बंद होतं. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ६२ हजार निघाल्या, एर्लिकियाची किट पॉझिटिव्ह आली. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आज पाचव्या दिवशी तो चेंडू आणून देतोय. तरीही २८ दिवस इतकी कडक गोळी द्यायलाच हवी का? — वाचक, नाशिक

उ. द्यायलाच हवी. या आजारातला घोटाळा नेमका इथेच होतो, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास. कुत्रं खायला लागतं, शेपूट हलवतं, घरच्यांना वाटतं झालं, आणि उरलेली पाकिटं कपाटात जातात.

गोचीड-ताप आणणारा एर्लिकिया कॅनिस हा जीवाणू रक्तात मोकळा फिरत नाही. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरून तो तिथेच वाढतो आणि त्यांच्यासोबत प्लीहा, यकृत, लसिका ग्रंथी आणि अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतो. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत जातं, म्हणून तर ते निवडलं जातं; पण ते जीवाणूला फटक्यात मारत नाही. त्याची प्रथिनं बनवण्याची क्षमता रोखतं, वाढ थांबवतं, आणि उरलेली साफसफाई कुत्र्याच्या प्रतिकारशक्तीला करावी लागते. त्या कामाला वेळ लागतो. ताप २४ ते ४८ तासांत उतरणं हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, आजार गेल्याचं नव्हे. २८ दिवसांची शिफारस अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या २००२ सालच्या सहमतीपत्रात आली आणि उपचार आजही तीच धरून केले जातात.

मध्येच थांबलात तर? गोचीड चावल्यापासून ८ ते २० दिवसांत जो तीव्र टप्पा येतो तो दोन-चार आठवड्यांत औषधाशिवायही ओसरू शकतो. मग सुप्त टप्पा सुरू होतो. कुत्रं वरून ठणठणीत, फक्त प्लेटलेट थोड्या कमी. हे महिने, कधी वर्षं चालतं. काही कुत्री या काळात जीवाणूवर मात करतात. काहींमध्ये तो दबा धरून बसतो आणि पुढे अस्थिमज्जाच सुकते : लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही घसरतात. तिथे पोहोचलेल्या कुत्र्याला तीच गोळी फारशी उपयोगी पडत नाही. आज ८४ गोळ्यांत होणारं काम तेव्हा रक्त चढवूनही होईलच असं सांगता येत नाही.

८४ हा आकडा असा : मात्रा दर किलो वजनाला दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा ५-५ करून दोनदा. २८ किलोला २८०, म्हणजे व्यवहारात ३०० मिलिग्रॅम. १०० च्या दीड गोळ्या सकाळी, दीड रात्री. रोज तीन, गुणिले २८. सगळ्या पहिल्याच दिवशी आणून ठेवा आणि कॅलेंडरवर खुणा करा. वजन अंदाजाने धरू नका. कुत्र्याला उचलून साध्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

रक्ततपासणी साधारण सातव्या दिवशी, २८ व्या दिवशी आणि औषध संपल्यावर एक आणि तीन महिन्यांनी करावी. प्लेटलेट बहुधा दोन आठवड्यांत मार्गी लागतात. तोपर्यंत हलल्याच नाहीत तर मात्रा वाढवत बसू नका, सोबत दुसरा आजार आहे का ते शोधायला हवं.

प्र. डॉक्सी दिली की आमची पॉमेरेनियन अर्ध्या तासात उलटी करते. गोळी दूध-भाकरीत कुस्करून देतो. — वाचक, सोलापूर

उ. दूध बंद करा. दूध, दही, ताक, कॅल्शियमचं सिरप, लोहाचं टॉनिक, पित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पातळ औषधं : या सगळ्यांतले खनिज कण डॉक्सिसायक्लिनला चिकटतात आणि ते आतड्यातून कमी शोषलं जातं. रक्त वाढावं म्हणून लोहाचं टॉनिक आणि डॉक्सी एकाच वेळी पाजणं ही तर अगदी रोजची चूक आहे. दोन्हींत किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

उलटी बहुधा रिकाम्या पोटामुळे होते. निम्मं जेवण आधी द्या, मग उकडलेल्या चिकनच्या किंवा अंड्याच्या तुकड्यात गोळी घाला, वरून उरलेलं जेवण. दिवसाची मात्रा दोन वेळांत विभागली तरी बराच फरक पडतो. घशात गोळी टाकून तोंड मिटवायची पद्धत असेल तर मागोमाग सुईविना सिरिंजने ५ मिलिलिटर पाणी गालाच्या फटीतून हळू सोडा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जळून जखम होते. मग कुत्रं गिळताना मान ताणतं, लाळ गाळतं, आणि आपण समजतो की तापामुळे खात नाही. एवढं करूनही उलट्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना कळवा. उलटीची गोळी अर्धा तास आधी देता येते, दुसरं टेट्रासायक्लिन गटातलं औषधही निवडता येतं. स्वतःहून बंद मात्र करू नका.

प्र. पूर्ण कोर्स झाला, कुत्रा छान आहे. दोन महिन्यांनी किट पुन्हा केली तर अजून पॉझिटिव्हच! परत २८ दिवस? — वाचक, ठाणे

उ. नको. ती किट जीवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. बरं झाल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. उपचार लागू पडले का हे या किटवरून ठरत नाही. ते ठरतं प्लेटलेटवरून, वजनावरून, रक्तातल्या ग्लोब्युलिन या प्रथिनावरून आणि शंका असेल तर पीसीआरवरून, म्हणजे जीवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीवरून. पीसीआरचा नमुना औषध संपल्यावर काही आठवड्यांनी घ्यावा.

उलटा फसवा प्रकारही ध्यानात ठेवा. ताप येऊन दोन-तीनच दिवस झाले असतील तर प्रतिपिंडं तयार व्हायचीच असतात आणि किट निगेटिव्ह येते. गोचीड सापडलेली, ताप, प्लेटलेट कमी, किट निगेटिव्ह : अशा वेळी पीसीआरसाठी रक्त काढून लगेच उपचार सुरू करणं शहाणपणाचं. रक्त पहिल्या गोळीच्या आधी काढायचं, नाहीतर पीसीआरही फसते. काचपट्टीवर पांढऱ्या पेशीत जीवाणूचा पुंजका दिसला तर निदान पक्कं, पण तो क्वचितच सापडतो. 'स्लाइडवर काही दिसलं नाही' म्हणजे आजार नाही असं नव्हे.

प्र. एका लॅबमध्ये प्लेटलेट १८ हजार, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे १ लाख ४० हजार. कोणावर विश्वास ठेवायचा? — वाचक, कोल्हापूर

उ. काचपट्टी डोळ्यांनी पाहणाऱ्यावर. सुई नीट बसली नाही किंवा रक्त हळू आलं तर नळीतच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र अख्खी गुठळी मोजणीतून सोडून देतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंतच रक्त भरून ती आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची असते, जोरात हलवायची नसते. काचपट्टीवर तेलाखालच्या मोठ्या भिंगातून दिसणाऱ्या प्रत्येक प्लेटलेटमागे साधारण १५ ते २० हजार धरतात. एका दृष्टिक्षेत्रात सरासरी सात-आठ दिसत असतील तर १८ हजार हा आकडा खोटा आहे. कुत्र्यात २ ते ५ लाख हे सर्वसाधारण प्रमाण.

प्र. पपईच्या पानांचा रस देऊ का? शेजारच्या काकू सोबत भिजवलेले काळे मनुके आणि बीट द्यायला सांगतात. — वाचक, पुणे

उ. मनुके आजच थांबवा. माणसाच्या घरात अशक्तपणावर मनुके हा प्रेमाचा उपाय आहे, पण द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती दाण्यांनी हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून 'दोनच दिले' यालाही अर्थ नाही. कांदा-लसूण घातलेलं मटणाचं सूपही नको : दोन्हींमुळे लाल पेशी फुटतात, आणि तुमच्या कुत्र्याकडे आधीच त्या कमी आहेत. गोचीड पळावी म्हणून लसूण खाऊ घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

पपईच्या पानांनी एर्लिकिया मरत नाही. प्लेटलेट कमी होतात त्या जीवाणूमुळे आणि त्याच्याविरुद्ध चवताळलेल्या प्रतिकारशक्तीमुळे. कारण हटलं की त्या आपोआप वाढतात. डॉक्टरांनी पपईच्या पानांची गोळी दिली असेल आणि ती पचत असेल तर देत राहा. पण कडू रस जबरदस्तीने पाजून उलटी झाली आणि त्यात डॉक्सी बाहेर पडली तर सौदा तोट्याचा आहे. बीट उकडून थोडं चालेल, फक्त लघवी लालसर दिसली की घाबरायचं की नाही हे मग कळत नाही! उकडलेलं अंडं, चिकन-भात, थोडी कलेजी, भरपूर पाणी एवढं पुरे.

तापासाठी घरातली आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका. प्लेटलेट कमी असताना जठरात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका.

प्र. आमच्या जर्मन शेफर्डचा घोळणा फुटला. एका नाकपुडीतून रक्त थांबता थांबत नव्हतं. आधी तीन-चार महिने तो नुसता वाळत चालला होता. आता काय काळजी घ्यावी? प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) द्यावं का? — वाचक, नागपूर

उ. हे पत्र वाचून काळजी वाटली. महिनोन्‌महिने वजन घटणं आणि मग घोळणा फुटणं हे जुनाट टप्प्याचं चित्र आहे, आणि जर्मन शेफर्डमध्ये हा आजार इतर जातींपेक्षा जास्त वाईट वळण घेतो हे फार पूर्वीपासून माहीत आहे. जीवाणूची पहिली नोंद १९३५ साली अल्जीरियात झाली, पण त्याचं भयंकर रूप जगाला दिसलं ते व्हिएतनाम युद्धात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री, बहुतेक जर्मन शेफर्ड, नाकातून रक्त वाहून मेली.

नाकातून रक्त येत असताना कुत्र्याला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ नाकाच्या वरच्या भागावर पाच-पाच मिनिटं धरा. नाकात कापूस कोंबू नका, मान वर करू नका, दोन्ही नाकपुड्या दाबू नका. घाबरून धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा रक्तदाब वाढतो आणि रक्त अधिक वाहतं, म्हणून घरातली गर्दी आधी हटवा. गळपट्टा काढून छातीचा पट्टा लावा, हाड चघळायला देऊ नका, जिने आणि उड्या बंद. दवाखान्यात सांगा की स्नायूत इंजेक्शन नको, शिरेतून किंवा तोंडाने औषध द्या, आणि रक्त मानेऐवजी पायाच्या शिरेतून काढून जागा पाच मिनिटं दाबून धरा. या आजारात प्लेटलेट नुसत्या कमी होत नाहीत, उरलेल्या नीट कामही करत नाहीत. त्यामुळे आकडा ६०-७० हजार असतानाही रक्त येऊ शकतं.

हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, शी डांबरासारखी काळी चिकट झाली, डोळ्यात रक्त उतरलं किंवा कुत्रं अचानक वस्तूंवर आदळू लागलं, बसल्या जागी श्वास वेगाने चालला, तर वेळ न घालवता जिथे रक्त चढवण्याची सोय आहे तिथे न्या. रक्तदाता कुत्रा साधारण २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसीकरण झालेला आणि एर्लिकिया व बबेसिया (गोचिडीतूनच येणारा रक्तातला परजीवी) यांसाठी तपासलेला असावा. तो एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर देऊ शकतो. न तपासलेल्या कुत्र्याचं रक्त म्हणजे नवा आजार विकत घेणं. शक्य असल्यास दोघांचं रक्त जुळवून पाहावं. आधी एकदा रक्त चढवलेलं असेल तर जुळवल्याशिवाय चढवूच नये.

प्रेडनिसोलोनबद्दल विचारलंत. प्लेटलेट जीवघेण्या पातळीवर असताना, शरीर स्वतःच त्या मारतंय असा संशय असेल तर डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी, डॉक्सीसोबत देतात. ते मात्रा उतरवत थांबवायचं असतं. 'भूक लागते' म्हणून महिनाभर देत राहिलात तर ज्या प्रतिकारशक्तीवर आपली सगळी भिस्त आहे तीच दबते.

तिन्ही पेशी घसरल्या असतील तर सुधारणेला महिने लागू शकतात, आणि सगळी कुत्री त्यातून बाहेर पडत नाहीत. हे आधी कळलेलं बरं, म्हणून स्पष्ट लिहिलं. लघवीतल्या प्रथिनांची तपासणीही करून घ्या. हा आजार मूत्रपिंडालाही इजा करतो.

प्र. लघवी कॉफीसारखी झाली, हिरड्या पिवळ्या. दवाखान्यात बबेसिया म्हणून इंजेक्शन दिलं तर लाळ गळायला लागली. आठवड्यात पुन्हा तेच. — वाचक, वसई

उ. बबेसिया हा जीवाणू नव्हे, लाल पेशींत राहणारा एकपेशीय परजीवी आहे, पण येतो गोचिडीतूनच आणि एर्लिकियाच्या जोडीनेही येतो. ते इंजेक्शन बहुधा इमिडोकार्बचं असावं. लाळ, उलटी, कासावीस होणं हा त्याचा नेहमीचा परिणाम. आधी ॲट्रोपिन दिल्यास कमी होतो. बबेसियाच्या मोठ्या जातीवर ते चांगलं चालतं. आपल्याकडे सापडणाऱ्या लहान बबेसिया गिब्सोनीवर मात्र ते पुरत नाही. तिच्यासाठी ॲटोव्हॅक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन १० दिवस देतात. पहिलं महाग आहे, ते स्निग्ध खाण्यासोबतच शोषलं जातं, आणि ते मलेरियाच्या जोडगोळीतून दिलं तर तिच्यातल्या प्रोग्वानिलमुळे उलट्या होतात. जात कोणती हे पीसीआरने ठरवून घ्या. एर्लिकियावर इमिडोकार्बचा भरवसा धरू नये, त्यासाठी डॉक्सी लागणारच. पावसाळ्यात कावीळ दिसली की लेप्टोस्पायरोसिसही तपासावा. तो माणसाला होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घाला.

प्र. दर रविवारी कुत्र्याच्या अंगावरचे २०-२५ गोचीड वेचतो, पुढच्या रविवारी तेवढेच. जांभ्या दगडाचं जुनं घर आहे, परसात गवत आहे ते सगळं कापून काढलं. — वाचक, सावंतवाडी

उ. गवत कापलंत ते ठीक, पण तुमचे गोचीड परसात नाहीत, घरात आहेत. एर्लिकिया पसरवणारी तपकिरी गोचीड बांधकामात राहणारी आहे. तिला कोरडी, उबदार फट आवडते आणि पोट भरल्यावर ती वर चढते. म्हणून ती सापडते जांभ्याच्या छिद्रांत, दाराच्या चौकटीमागे, भिंतीवरच्या तसबिरींमागे, विजेच्या पट्टीखाली, वाशांच्या खाचांत, कुत्र्याच्या गोणपाटाच्या शिवणीत.

रक्त पिऊन टपोरी राखाडी झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, अशा फटीत शिरते आणि ४००० पर्यंत अंडी घालून मरते. त्यातून सहा पायांची, मोहरीपेक्षा बारीक पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढून रक्त पितात, उतरतात, कात टाकतात. आठ पायांची होऊन पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात. प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढतात. उष्ण हवेत हे सगळं दोन-तीन महिन्यांत होतं. प्रौढ गोचीड उपाशी राहूनही वर्षभर तग धरू शकते. तुम्ही रविवारी वेचता ते वर चढलेले असतात. त्याच वेळी फटीत त्यांच्या कितीतरी पट बसलेले असतात.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गोचिडीच्या आईकडून अंड्यात एर्लिकिया उतरत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू निर्दोष असतं. ते आजारी कुत्र्याचं रक्त पितं तेव्हा जीवाणू घेतं आणि पुढच्या टप्प्यात दुसऱ्या कुत्र्याला, किंवा त्याच कुत्र्याला बरं झाल्यावर, देतं. असा गोचीड पाच महिन्यांनंतरही रोग देऊ शकतो. म्हणजे घरातले गोचीड रोगी होतात ते आपल्याच आजारी कुत्र्यामुळे. म्हणून गोचीडनाशक 'बरा झाल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलायचं नसतं. डॉक्सीच्या पहिल्या दिवशीच, कुत्र्याची तब्येत पाहून डॉक्टर सांगतील ते सुरू करायचं.

घरासाठी क्रम असा ठेवा. आधी अंथरूण-गोणपाट जाळा किंवा उकळत्या पाण्यात टाका. फटी ब्रशने खरवडून, व्हॅक्यूम असेल तर त्याने ओढून पिशवी बांधून बाहेर टाका. मग डेल्टामेथ्रिनसारखं घरात चालणारं कीटकनाशक बाटलीवरच्या प्रमाणातच पाण्यात मिसळून जमिनीपासून छतापर्यंत फटींत फवारा. फरशीवर सडा घालून उपयोग नाही. कुत्रा, मांजर, मुलं बाहेर. सगळं वाळल्यावरच आत. माशांची टाकी असेल तर ती दुसऱ्या खोलीत हलवून झाका, कारण हे औषध माशांना अत्यंत विषारी आहे. अंडी फवारणीने मरत नाहीत, म्हणून दर दोन आठवड्यांनी किमान तीनदा. त्यानंतर मोठ्या फटी सिमेंटने बुजवा. कुत्र्याची झोपायची जागा भिंतीपासून हातभर दूर घ्या.

अंगावरचा गोचीड काढताना चिमटा कातडीला टेकवून त्याचं तोंड पकडा आणि सरळ वर ओढा, पिळू नका. रॉकेल, जळती काडी, नखाने चिरडणं, यांतलं काहीच नको. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाका. सीताफळाच्या बियांची पूड लावू नका : डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. तंबाखूचं पाणी चाटलं तर निकोटीनची विषबाधा होते.

प्र. तीन महिन्यांची गोळी दिली तरी अंगावर गोचीड दिसतात. फसवणूक? — वाचक, पणजी

उ. नाही. फ्लुरालानर (१२ आठवडे) किंवा अफॉक्सोलानर (महिना) या गोळ्या गोचिडीला दूर ठेवत नाहीत. ती चावते, रक्तातून औषध घेते आणि साधारण दिवसभरात मरते. दिसतात ते नव्याने चढलेले. बोटाने हलवून पाहा, बरेचसे सुकलेले असतील. या गोळ्यांनी घरातली पिढी तुटते, हा त्यांचा मोठा फायदा. अडचण अशी की एर्लिकिया चावल्यापासून तीनेक तासांतही कुत्र्यात जाऊ शकतो. गोचिडींचा उपद्रव मोठा असेल तिथे सोबत चावण्याआधीच हटवणारा पट्टा, फ्लुमेथ्रिनचा किंवा डेल्टामेथ्रिनचा, वापरता येतो का ते डॉक्टरांना विचारा. पट्टा आणि मान यांत दोनच बोटं जावीत. सैल पट्टा म्हणजे नुसता दागिना. झटके येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनचं मानेवर टाकायचं औषध आणूच नका, मांजराला ते प्राणघातक आहे. स्वस्त पडतं म्हणून अमिट्राझने आंघोळ घालणाऱ्यांनी मापाचं झाकण वापरावं, डोळ्यांनी मोजू नये. पिल्लांना, मधुमेही किंवा आजारी कुत्र्यांना ते नको.

प्र. गोठ्यातल्या म्हशींच्या गोचिडींमुळे कुत्र्याला हा ताप येतो का? — वाचक, सातारा

उ. सहसा नाही. गुरांवरची नेहमीची गोचीड वेगळ्या जातीची, आणि ती जन्मभर एकाच जनावरावर राहते. गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याची गोचीड मात्र गोठ्याच्या भिंतीत असू शकते, तेव्हा फवारणीत गोठाही धरा.

प्र. आमच्याकडे माकडतापाची भीती असते. कुत्र्याचा गोचीड-ताप माणसाला होतो का? — वाचक, दोडामार्ग

उ. दोन्ही वेगळे. माकडताप विषाणूमुळे होतो आणि जंगलातल्या वेगळ्या गोचिडींतून येतो. त्यासाठी रानात जाताना पूर्ण कपडे, अंगाला लावायचं प्रतिबंधक तेल आणि आरोग्य खात्याच्या सूचना पाळा. रानात फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरून असे गोचीड घरात येऊ शकतात, म्हणून दारातच त्याला तपासा. कुत्र्याचा एर्लिकिया कुत्र्याला हात लावून, त्याने चाटून माणसाला होत नाही. पण तपकिरी गोचीड कधी कधी माणसालाही चावते आणि तिच्यातून रिकेट्सिया या वेगळ्या जीवाणूचा ताप येऊ शकतो. घरात गोचीड आहेत आणि कोणाला ताप, डोकेदुखी, तळहात-तळपायांपर्यंत पुरळ असं झालं तर डॉक्टरांना 'घरात गोचीड आहेत' हे वाक्य न विचारता सांगा.

प्र. मुलगा मेलबर्नला आहे, कुत्रीला तिकडे न्यायचं आहे. तिला दोन वर्षांपूर्वी एर्लिकिया होऊन गेला. — वाचक, मुंबई

उ. तिकीट काढण्याआधी रक्त तपासा. ऑस्ट्रेलिया बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी एर्लिकिया कॅनिसची प्रतिपिंड तपासणी मागते, आणि वर लिहिल्याप्रमाणे बऱ्या झालेल्या कुत्रीतही प्रतिपिंडं उरतात. भारतातून थेट नेता येत नाही, मान्यता असलेल्या तिसऱ्या देशातून जावं लागतं. आधी तिथे पोहोचून मग अहवाल पॉझिटिव्ह निघणं हा सर्वांत महागडा प्रकार. ऑस्ट्रेलियातही २०२० साली हा जीवाणू पहिल्यांदा स्थानिक कुत्र्यांत सापडला, त्यामुळे नियम सैल होतील अशी आशा ठेवू नका. सध्याच्या अटी त्यांच्या कृषी खात्याकडून लेखी घ्या.

प्र. सोसायटीत आम्ही सात भटक्या कुत्र्यांना सांभाळतो. एकाला निदान झालं, पण दिवसातून दोनदा गोळी देणं जमत नाही. — वाचक, पिंपरी

उ. एकदाच द्या, पूर्ण मात्रा. १५ किलोला १५० मिलिग्रॅम, एका उकडलेल्या अंड्यात, थोडं खाणं आधी देऊन. २८ दिवस देणारी व्यक्ती शक्यतो एकच ठेवा आणि वहीत रोज सही करा. दोघांनी दिली किंवा कोणीच दिली नाही हे दोन्ही प्रकार वहीशिवाय कळत नाहीत. गोळी कळपात टाकू नका, त्याला बाजूला घेऊन हातातून द्या आणि गिळेपर्यंत थांबा. पोटात पिल्लं असलेली कुत्री असेल तर डॉक्सी देण्याआधी विचारा. उरलेल्या सहांची प्लेटलेट तपासणी करून घ्या. सुप्त टप्प्यातलं कुत्रं त्यांच्यातच असण्याची शक्यता आहे. गोचीडनाशक गोळी मात्र सातही जणांना एकाच आठवड्यात, आणि वॉचमनच्या खोलीची मागची भिंत, जिन्याखालची जागा, पाण्याच्या पंपाची खोली फवारणीच्या यादीत लिहून घ्या.